लेकीला स्कॉटलंडमध्ये मतदार नोंदणीचं पत्र आलंय, आणि तिथे म्हणे दोन मतांनी निकाल लागला होता?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे प्रश्न टाकतेय. आम्ही कोथरूडला असतो. मुलगी एमएससीला सेंट अँड्र्यूजला गेलीय, एक वर्षाचा कोर्स आहे, तिथे चौघी मिळून एक फ्लॅट घेतलाय. आमची एक, एक आयरिश, एक तिथलीच ग्लासगोकडची आणि एक अमेरिकन. परवा रात्री व्हिडिओ कॉलवर म्हणाली आई घरी पत्र आलंय मतदार यादीसाठी, घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं आणि नागरिकत्व भरून पाठवा म्हणून. मी म्हटलं तुझा काय संबंध, तू भारतीय. तर ती म्हणे फ्लॅटमेट सांगतेय की भारतीयांना इथे मत देता येतं.

हे म्हणतात उगाच कुठे नाव घालू नकोस, व्हिसाचं काही व्हायचं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर एकाने लिहिलं की परदेशात मत दिलं की इथलं नागरिकत्व जातं, दुसऱ्याने लिहिलं फ्रॉड पत्र असेल. मला दोन्ही पटलं नाही पण मनात किडा वळवळतोय.

आणि त्या ग्लासगोकडच्या मुलीने तिला असंही सांगितलं की हा मतदारसंघ फार प्रसिद्ध आहे, २०१७ ला इथे खासदार फक्त दोन मतांनी निवडून आला होता. दोन हजार नाही, दोन! हे खरं आहे का? कोणाला तिथला इतिहास माहीत असेल तर जरा सविस्तर लिहा ना, मला तिला वाचून दाखवायचंय. इथे कोथरूडमध्ये असताना तिचं पहिलं मतदान परीक्षेमुळे हुकलं होतं आणि त्याची तिला अजून रुखरुख आहे.

डंडीरिटर्न

ताई, अगदी खरं आहे आणि मी त्या दिवशी तिथे मत दिलेला माणूस आहे. सहा वर्षं डंडीत नोकरी केली पण राहायचो टे नदीच्या अलीकडे न्यूपोर्टला, पुलाच्या या टोकाला, म्हणजे ऑफिस डंडीत आणि घर नॉर्थ ईस्ट फाइफ मतदारसंघात. तुमच्या लेकीचाही तोच मतदारसंघ. सेंट अँड्र्यूज, कूपर, टेपोर्ट, लूकर्स, आणि खाली समुद्राकाठची क्रेल, अँस्ट्रुथर, पिटनवीम ही मासेमारीची गावं, त्या पट्ट्याला ईस्ट न्यूक म्हणतात.

आधी कामाचं सांगतो. फ्रॉड नाही, दरवर्षी प्रत्येक घरी अशी विचारणा होते आणि उलट नोंदणी अधिकाऱ्याने मागितलेली माहिती दिलीच नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे वैध व्हिसावर राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या संसदेसाठी, स्कॉटिश पार्लमेंटसाठी आणि कौन्सिलसाठी, तिन्हीकडे मत देता येतं. स्टुडंट व्हिसा चालतो. आपलं नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर, मत दिल्याने काहीही होत नाही, मी दिलंय आणि माझा निळा पासपोर्ट अजून माझ्या कपाटात आहे. आयरिश मुलीलाही सगळीकडे देता येतं. अमेरिकन मुलीला लंडनच्या संसदेसाठी नाही, पण २०२० ला स्कॉटलंडने कायदा करून कायदेशीर राहणाऱ्या सगळ्याच परदेशी लोकांना स्वतःच्या पार्लमेंटसाठी आणि कौन्सिलसाठी मताचा अधिकार दिला, त्यामुळे ती पण या दोन्हीसाठी यादीत येईल. म्हणजे चौघींची नावं भरायची.

आता २०१७. ८ जूनला निवडणूक. स्कॉटिश नॅशनल पार्टीचे स्टीफन गेदिन्स आधीचे खासदार, त्यांना १३,७४३ मतं. लिबरल डेमोक्रॅटच्या एलिझाबेथ रिचेस, आधी तिथल्याच कौन्सिलच्या सदस्य होत्या, त्यांना १३,७४१. पहिल्या मोजणीनंतर तीनदा फेरमोजणी झाली. आम्ही रात्रभर टीव्हीसमोर, बाकीच्या जागांचे निकाल धडाधड येतायत आणि आमचाच येत नाहीये. सकाळ उजाडली (जूनमध्ये तिथे रात्र अशी नसतेच फारशी) तेव्हा कळलं, दोन मतं.

आणि एक गोष्ट आजवर कुठे लिहिली नाही ती लिहितो. बायको तेव्हा बाळंतपणासाठी पुण्याला आली होती. जायच्या आधी मी तिला म्हटलं होतं पोस्टल मताचा फॉर्म भरूया, मग गडबडीत राहिलं, मनात आलं एका मताने काय होतंय. निकाल ऐकला आणि तिला फोन लावला, ती बाळाला घेऊन बसली होती, म्हणाली म्हणजे माझ्यासारखी अजून दोन माणसं घरी राहिली असतील तर झालं की. मी कोणाला मत दिलं आणि ती कोणाला देणार होती हे सांगत नाही, पण ती गोष्ट मला लागली ती लागलीच. त्यानंतर एकही मतदान चुकवलं नाही, इथे परत आल्यावरही नाही.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, निवडणुकीची ड्युटी दर वेळी असतेच, बूथवरही असते आणि एकदा मोजणीलाही होते. त्यामुळे मला हे तीनदा फेरमोजणी प्रकरण नीट समजून घ्यायचंय. आपल्याकडे कंट्रोल युनिटचं बटण दाबलं की आकडा समोर, १७ सी फॉर्मशी (केंद्रावर पडलेल्या मतांच्या नोंदीशी) जुळवायचा, एजंट लोक आपापल्या वह्यांत उतरवून घेतात, पुढची फेरी. वाद होतो तो पोस्टल मतांवर. आठवतंय ना २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमला रवींद्र वायकर ४८ मतांनी आले, तेव्हा पोस्टल मतांवरूनच सगळं तापलं होतं. पण तिथे सगळीच मतं कागदावर म्हणजे प्रत्येक मोजणीत आकडा थोडा इकडे तिकडे होणारच की. मग शेवटी कुठल्या मोजणीवर विश्वास ठेवायचा?

आणि समान मतं पडली असती तर? आपल्याकडे चिठ्ठी. मुंबई महापालिकेला २०१७ लाच वॉर्ड २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर दोघांना सारखी मतं पडली होती, मग चिठ्ठी काढली आणि शहा आले. मला ते टीव्हीवर बघतानाही कसंतरीच झालं होतं, इतक्या लोकांनी रांगेत उभं राहून मत दिलं आणि शेवट एका चिठ्ठीवर.

डंडीरिटर्न

खडूफळा ताई, तिथेही चिठ्ठीच, कायदा तोच आहे, आपण तिथूनच घेतलाय. निवडणूक अधिकारी चिठ्ठी काढतो.

मतदान सकाळी ७ ते रात्री १०, मग पेट्या एका मोठ्या हॉलमध्ये आणतात, बहुधा क्रीडा संकुलच असतं. टेबलांवर ओततात, आधी नुसत्या मतपत्रिका मोजून पेटीच्या हिशोबाशी जुळवतात आणि मग उमेदवारांप्रमाणे वेगळ्या करून गठ्ठे बांधतात. उमेदवारांची माणसं समोर उभी, गठ्ठ्यात चुकून दुसऱ्याची मतपत्रिका गेली का बघत. पेन्सिलने फुली मारायची असते. कोणी दोन चौकोनांत खुणा करतं, कोणी स्वतःचं नाव लिहून ठेवतं, कोणी नुसतीच कोरी टाकतं, त्या संशयास्पद मतपत्रिका बाजूला काढून निवडणूक अधिकारी सगळ्यांसमोर एकेक करून ठरवतो. फेरमोजणीत तेच सगळं परत, गठ्ठे सोडून. फरक दोनचा असेल तर एका गठ्ठ्यात एकच कागद चुकीचा असणं म्हणजे पूर्ण निकाल पलटणं, कारण इकडचा एक कमी आणि तिकडचा एक जास्त, दोनचा फरक तिथेच संपला.

कोर्टात गेलं तर काय होतं त्याचंही एक उदाहरण. १९९७ ला इंग्लंडमध्ये विंचेस्टरला पण बरोबर दोनच मतांनी लिबरल डेमोक्रॅट मार्क ओटन आले होते. हरलेले काँझर्वेटिव्ह उमेदवार कोर्टात गेले, कारण केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांकडून अधिकृत शिक्का मारायचा राहून काही मतपत्रिका बाद झाल्या होत्या. कोर्टाने निवडणूक रद्द केली, परत घेतली, आणि लोकांनी ओटन यांना २१,५५६ मतांनी निवडून दिलं. दोनाचे एकवीस हजार. लोकांना परत मतदानाला बोलावलेलं आवडलं नव्हतं असं तेव्हाचे लोक सांगतात.

जुना_सदाशिवपेठी

चर्चा वाचून राहवलं नाही. माझं वय ७४, इंग्लंडचा राजकीय इतिहास हा माझा जुना नाद. ताई, तुमच्या मुलीला सांगा की ती ज्या भागात राहते त्याचा आपल्या पुण्याशी लांबचा का होईना पण संबंध आहे.

आजचा नॉर्थ ईस्ट फाइफ १९८३ ला तयार झाला, त्याआधी याच भागाचं नाव ईस्ट फाइफ. या ईस्ट फाइफमधून १८८६ ते १९१८ अशी सलग ३२ वर्षं एकच माणूस निवडून येत होता, हर्बर्ट हेन्री अ‍ॅस्क्विथ, उदारमतवादी पक्षाचा. १९०८ ते १९१६ हा ब्रिटनचा पंतप्रधान. आता तारखा जुळवून बघा. जुलै १९०८ ला लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं, तेव्हा तिकडे पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ. जून १९१४ ला टिळक सुटून गायकवाड वाड्यात परत आले तेव्हाही तोच. आणि भारतमंत्री कोण, तर जॉन मोर्ले, ज्याच्याशी आपले गोखले १९०६ आणि १९०८ ला लंडनला जाऊन बोलणी करत होते, आणि त्यातून मग १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा. हा मोर्ले १९०८ ला लॉर्ड होईपर्यंत निवडून यायचा माँट्रोज बर्ग्ज या मतदारसंघातून, जो टे नदीच्या पलीकडे, आर्ब्रोथ वगैरे गावांचा मिळून होता. म्हणजे गोखल्यांनी ज्यांच्याकडे भारताची बाजू मांडली आणि टिळक तुरुंगात असताना जे सरकार चालवत होते त्यांच्यातले दोन मोठे लोक एका खाडीच्या अल्याड-पल्याडच्या मतदारांनी पाठवलेले. मी हे नकाशा समोर ठेवून पाहिलं तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. फाइफच्या कोळ्याला आणि शेतकऱ्याला कल्पनाही नसेल की त्याच्या मताचा धागा कुठे नारायण पेठेपर्यंत जातो.

दोघेही मूळचे इंग्लंडचे बरं का, स्कॉटलंडशी जन्माचा संबंध नाही, उदारमतवाद्यांसाठी सुरक्षित जागा म्हणून तिकडे गेले. बाहेरचा उमेदवार हा शब्द कोथरूडकरांनी २०१९ ला पुष्कळ ऐकलाय, तसंच.

आता १९१८ चं बघा. त्या वर्षी पहिल्यांदाच ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरच्या स्त्रियांना, मालमत्तेच्या अटीसह, संसदेसाठी मत मिळालं. अ‍ॅस्क्विथने आयुष्यभर स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला होता, १९१७ ला कुठे मत बदललं, पण तोवर मताधिकारवाद्या बायकांनी त्याला सळो की पळो करून सोडलेलं. शिवाय त्याच वर्षी सेंट अँड्र्यूज शहर आणि किनाऱ्यावरची गावं, जी आधी सेंट अँड्र्यूज बर्ग्ज म्हणून स्वतंत्र मतदारसंघात होती, ती ईस्ट फाइफला जोडली. युद्धातल्या कारभाराचा राग होताच. हुजूर म्हणजे काँझर्वेटिव्ह पक्षाकडच्या अलेक्झांडर स्प्रॉट यांनी त्याला साधारण दोन हजार मतांनी पाडलं. बत्तीस वर्षांचा खासदार, माजी पंतप्रधान, स्वतःच्या जागेवर हरला. नंतर १९२० ला पेझलीच्या पोटनिवडणुकीतून संसदेत परत आला, पण फाइफने त्याला परत घेतलं नाही.

आणि एक, दोन मतांचं कौतुक चाललंय म्हणून. ते जे जुनं सेंट अँड्र्यूज बर्ग्ज, तिथे १८८५ ला दोन उमेदवारांना अगदी समसमान मतं पडली होती! मतांची छाननी होऊन मग रॉबर्ट अँस्ट्रुथर यांना जागा मिळाली. म्हणजे काठावरचा निकाल त्या गावांना नवीन नाही.

खडूफळा

काका किती छान लिहिलंत, तो अ‍ॅस्क्विथ आणि मंडालेचा भाग मी उद्या दहावीच्या वर्गात सांगणार.

मला एक विचारायचंय. १९१८ नंतर थेट २०१७ आलं. मधे काय? आणि डंडी दादा म्हणतात मतं १३,७४३ आणि १३,७४१, म्हणजे निवडून आलेल्याला एकूणातली किती? बाकीची कुठे गेली?

डंडीरिटर्न

हाच खरा मुद्दा आहे आणि मला वाटतं दोन मतांच्या गोष्टीत तो हरवतो.

एकूण मतं ४१,८२२. गेदिन्स यांना त्यातली १३,७४३, म्हणजे शंभरातली तेहतीस. तिसऱ्या नंबरवर काँझर्वेटिव्ह पक्षाचे टोनी मिक्लिन्स्की, १०,०८८. लेबर चार हजारांच्या थोडं वर. तेव्हा स्कॉटलंडमध्ये सगळं राजकारण एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं, वेगळा देश व्हायचं की ब्रिटनमध्ये राहायचं. २०१४ च्या सार्वमतात फाइफने ५५ टक्के नाही म्हटलं होतं. म्हणजे स्वतंत्र स्कॉटलंड नको म्हणणारी मतं या भागात जास्त, पण ती तीन पक्षांत वाटली गेलेली, आणि हवं म्हणणारी बरीचशी एकाच पक्षामागे, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीमागे (एसएनपी). आपल्याकडे ज्याला मतविभाजन म्हणतात तेच, शंभर टक्के तेच.

मधलं थोडक्यात. १९३३ पासून १९८७ पर्यंत ही जागा काँझर्वेटिव्ह किंवा त्यांच्याबरोबरच्या नॅशनल लिबरल लोकांकडे, पन्नासेक वर्षं काही विशेष घडलं नाही म्हणा. मग आले मेंझीस कॅम्पबेल, लिहितात मेंझीस पण स्कॉटिश लोक म्हणतात मिंगिस, सगळे त्यांना मिंग म्हणायचे. हा माणूस मला फार आवडतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये धावलेला, १०० मीटरचा ब्रिटिश विक्रम १९६७ पासून सात वर्षं त्याच्या नावावर होता, नंतर वकील. १९७९ ला ईस्ट फाइफमधून हरला, १९८३ ला नव्या मतदारसंघातून २,१८५ मतांनी परत हरला, आणि १९८७ ला १,४४७ ने जिंकला. आठ वर्षं त्याच गावांतून फिरत राहिला. त्यानंतर २०१५ पर्यंत अठ्ठावीस वर्षं खासदार, २००६-०७ ला पक्षाचा नेता, इराक युद्धाच्या विरोधात ठाम उभा राहिला, आणि ताई तुमच्या मुलीच्या विद्यापीठाचे ते चॅन्सेलर पण झाले.

२०१० ला मिंग ९,०४८ ने जिंकले. त्याच निवडणुकीनंतर त्यांचा पक्ष काँझर्वेटिव्हबरोबर सरकारमध्ये गेला, इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांची फी वाढवली, लोक चिडले. २०१५ ला मिंग उभे नव्हते आणि स्कॉटलंडमध्ये एसएनपीची लाट, ५९ पैकी ५६ जागा, त्यात गेदिन्स इथे ४,३४४ ने आले. दोन वर्षांत ४,३४४ चे २ झाले.

जुना_सदाशिवपेठी

मिंगसारखे उमेदवार आपण कसब्यात पाहिलेत की. तीस-तीस वर्षं भाजपची म्हणून ओळखली जाणारी जागा आणि २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे धंगेकर आले, २०२४ ला परत भाजपचे रासने. बालेकिल्ला हा शब्द निकाल लागेपर्यंतच खरा असतो.

पण डंडीवाल्यांच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. मतविभाजन म्हटलं की असं वाटतं की ती १०,०८८ मतं जणू रिचेसबाईंची होती आणि कोणी पळवली. ती त्या मतदारांची स्वतःची मतं होती. हुजूर पक्षाला २०१७ ला अख्ख्या स्कॉटलंडमध्ये १३ जागा मिळाल्या, लोक मनापासून त्यांच्याकडे वळले होते. कोणाला काय नको एवढ्यावरूनच मत मोजायचं का? कोणाला काय हवं याला किंमत नाही का?

डंडीरिटर्न

काका, तुमचं म्हणणं मान्य आहे, पण मी तिथे होतो म्हणून सांगतो, आमच्या शेजारच्या आजीबाई, सत्तरीच्या, कायम मिंगना मत देणाऱ्या, त्यांनी २०१७ ला काँझर्वेटिव्हला दिलं कारण त्यांना वाटलं एसएनपीला तेच हरवतील. निकालानंतर त्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या की मी चुकीचा अंदाज केला. त्यांचं मन लिबरल्सकडेच होतं. असे किती असतील माहीत नाही पण २०१९ ला काय झालं बघा.

१२ डिसेंबर २०१९, कडाक्याची थंडी. लिबरल डेमोक्रॅटकडून वेंडी चेंबरलेन, आधी पोलिसात होत्या. त्यांना १९,७६३, गेदिन्स यांना १८,४४७. दोघांचीही मतं हजारांनी वाढली! काँझर्वेटिव्हची चारेक हजारांनी उतरली, लेबरची निम्म्याहून खाली. तिसऱ्या-चौथ्याची माणसं उठून पहिल्या दोघांमागे उभी राहिली. चेंबरलेन १,३१६ ने आल्या. आणि त्याच रात्री त्यांच्या पक्षाच्या देशाच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःची ईस्ट डनबार्टनशरची जागा १४९ मतांनी हरल्या. फाइफमध्ये जिंकल्याच्या टाळ्या वाजत असतानाच ती बातमी आली.

२०२४ ला तर चेंबरलेन २३,३८४, एसएनपी ९,९०५, फरक १३,४७९. घरी आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणाऱ्यांना नोकरीतून रजा मागायचा हक्क देणारा २०२३ चा कायदा त्यांनीच खासगी विधेयक म्हणून आणला होता, मला त्या कायद्याबद्दल त्यांचा आदर आहे, आई आजारी असताना मी तिथे सुट्ट्या कशा जमवल्यात ते मला माहीत आहे. आणि गेदिन्स पण संपले नाहीत. हरल्यावर सेंट अँड्र्यूजलाच शिकवायला लागले, आणि २०२४ ला आर्ब्रोथ अँड ब्रॉटी फेरीमधून ८५९ मतांनी परत संसदेत गेले. काका, आर्ब्रोथ म्हणजे तुमच्या मोर्लेसाहेबांच्या जुन्या मतदारसंघातलंच गाव.

जुना_सदाशिवपेठी

वा! हे मला ठाऊक होतं पण जोडलं नव्हतं. नकाशा परत काढला.

आजीबाईंचा मुद्दा पटला. अंदाज करून मत द्यायला लागणं हीच मला त्या पद्धतीतली उणीव वाटते. गंमत अशी की सेंट अँड्र्यूजच्या पदवीधरांना एकेकाळी अंदाज करावा लागत नव्हता. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या पदवीधरांना संसदेसाठी वेगळं मत असायचं, आपल्या पुणे पदवीधर मतदारसंघासारखंच, फक्त लोकसभेला. १९१८ पासून चारही स्कॉटिश विद्यापीठांचे मिळून तीन खासदार, आणि मतदान पसंतीक्रमाने, १, २, ३ लिहून. आपल्याकडे विधान परिषदेला पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरचे पदवीधर करतात तसं. एका माणसाला दोन मतं नकोत म्हणून १९५० ला त्या जागा बंद झाल्या आणि ते योग्यच झालं, पण पसंतीक्रम होता तो चांगला होता.

डंडीरिटर्न

पसंतीक्रम गेला नाही काका, कौन्सिलच्या निवडणुकीला २००७ पासून स्कॉटलंडभर तसंच आहे. ताईंच्या मुलीला तिथे आकडे लिहायला मिळतील.

मुठाकाठची

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. काल रात्री तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं, दीड तास लागला, शेवटी शेवटी बाकीच्या तिघी पण येऊन बसल्या आणि ही त्यांना इंग्रजीत सांगत होती. मोर्ले-मिंटोला ती आयरिश मुलगी म्हणे आमच्याकडे पण हाच अ‍ॅस्क्विथ, आणि मग त्यांचंच काहीतरी सुरू झालं. अमेरिकन मुलगी सगळ्यात खूश, तिला वाटत होतं तिचं नाव येणारच नाही. डंडी दादा, तुमच्या घरचा तो पोस्टल मताचा किस्सा ह्यांनी मागे उभं राहून ऐकला, काही बोलले नाहीत, पण नंतर म्हणाले तिला सांग भरून टाक.

दोन शंका राहिल्यात. मतदानाला ओळखपत्र काय लागेल, आणि इथल्या कोथरूडच्या यादीतल्या नावाचं काय करायचं?

डंडीरिटर्न

संसदेच्या निवडणुकीला २०२३ पासून फोटोचं ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. स्कॉटिश पार्लमेंट आणि कौन्सिलला अजिबात लागत नाही, नाव आणि पत्ता सांगायचा. सुट्टीत पुण्याला येणार असेल तर पोस्टल मताचा अर्ज आधीच करून ठेवू दे, सेंट अँड्र्यूज उन्हाळ्यात निम्मं रिकामं होतं आणि २०१७ ची जून, २०२४ ची जुलै, दोन्ही निवडणुका तशाच दिवसांत आल्या होत्या.

खडूफळा

इथल्याचं मी सांगते. शिक्षणासाठी बाहेर असलेल्यांना परदेशस्थ मतदार म्हणून ६ अ फॉर्म भरता येतो, पण मत द्यायला इथल्या केंद्रावर प्रत्यक्ष यावं लागतं, पोस्टाने नाही चालत. वर्षभराने ती परत येणारच आहे तर पत्ता तोच आहे ना एवढं बघा, आणि आल्यावर पहिल्या मतदानाला माझ्या बूथवर पाठवा. बूथ कुठला मिळेल ते मला आदल्या दिवशीच कळतं, पण पाठवा.

मुठाकाठची

नक्की पाठवते. तिचा आत्ताच मेसेज आला, चौघींची माहिती पाठवून झाली. ह्यांनी आधी आडनावाचं स्पेलिंग दोनदा वाचून घेतलं तिच्याकडून.